तिल्दाबाईंचं ‘म्हणजेच’

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठलाच तिल्दाबाईंनी छायाचित्रांचं टेबल तिसऱ्यांदा आवरायला घेतलं. वास्तविक आवरण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकोणतीस छायाचित्रं होती, प्रत्येकाखाली पांढऱ्या पट्टीवर नावं होती, आणि त्यातली निम्मी नावं सबंध सेगेद शहरात त्यांच्याखेरीज कुणालाही सांगता आली नसती. त्यासाठीच तर त्यांना बोलावलं होतं. हंगेरीत गणिती तर्कशास्त्राचा पाया घालणाऱ्या पिढीच्या सन्मानार्थ तीन दिवसांची परिषद भरली होती. पण मागच्या रांगेत टोपी हातात धरून उभा असलेला तो कोण, हे विचारावं असं त्या पिढीतलं माणूसच फारसं शिल्लक नव्हतं. होत्या त्या एक चौऱ्याऐंशी वर्षांच्या बार्कोत्सी हेर्मिनाबाई, आणि दुसऱ्या या, विभागाच्या निवृत्त टंकलेखिका.

त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर रीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव होतं, शेवटी ‘पत्नी’ हे शेपूट लावलेलं. दोरोगी इश्त्वान आयुष्यभर ट्राम चालवत राहिला, या इमारतीची पायरी कधी चढला नाही, आणि वारल्यानंतर नऊ वर्षांनी तर्कशास्त्राच्या परिषदेत मिरवत होता. एरवी तिल्दाबाईंना याचं हसू आलं असतं. आज त्यांचं लक्ष टेबलाच्या कडेला पालथ्या ठेवलेल्या कार्यक्रमपत्रिकेकडे होतं. ती त्यांनीच पालथी ठेवली होती, आणि दर पाच मिनिटांनी त्याच ती उलटून पाहत होत्या.

दुपारी तीन. केलेती लोरांद. ‘एका “म्हणजेच”ची कहाणी : सेपेशी ओदोन यांची १९६१ची चूक आणि तिची दुरुस्ती.’

ओळ बदललेली नव्हती. ती बदलणार कशी?

चूक कोणती, हे विभागातल्या जुन्या माणसांना पाठ होतं. सेपेशी सरांच्या सर्वांत गाजलेल्या निबंधात एक विधान होतं : ठरावीक नियमांनी, ठरावीक जागेत चालणारी प्रत्येक कृती शेवटी थांबणारी असते किंवा त्याच त्या फेऱ्यात पुनरावृत्त होणारी असते. सगळा निबंध त्या ‘किंवा’वर उभा होता. छापून आलं ते मात्र ‘थांबणारी, म्हणजेच पुनरावृत्त होणारी.’ थांबणं आणि फिरत राहणं ज्याला एकच वाटतं, तो कसला तर्कशास्त्री? परदेशातल्या एका परीक्षकानं तेव्हा चार ओळींत खिल्ली उडवली होती. हंगेरियनमध्ये ‘किंवा’ला ‘वॉद्य’ म्हणतात आणि ‘म्हणजेच’ला ‘वॉद्यिश’. मध्ये अंतर एवढंच, एका ‘इश’चं.

तो ‘इश’ कुठून आला, हे ठाऊक असलेलं एकच माणूस आता हयात होतं, आणि ते छायाचित्रांची कड सरळ करत उभं होतं.

“हात चुंबतो, तिल्दा मावशी! सरांचा तो फळ्यापाशी पाठमोरा उभा असलेला फोटो मला हवा आहे हं. शेवटच्या पानावर टाकीन म्हणतो.”

केलेती लोरांद. वडीलधाऱ्या बायकांना रीतीनं करायचं ते अभिवादन करत आलेला, उंच, जरा वाकलेला, छत्तीस वर्षांचा, एका बुटाची नाडी कायम सुटलेली. विद्यार्थी असल्यापासून तिल्दाबाईंना त्याची माया होती, कारण जुने कागद मागायला येताना तो हात धुऊन येई.

“लोरांद, दोन मिनिटं आहेत का रे?”

“तुमच्यासाठी दोन तास आहेत. तीनपर्यंत मोकळाच आहे मी.”

“तीनचंच म्हणते आहे. त्या शब्दावर नको बोलूस.”

“कोणत्या?”

“सोंग नको करूस. ती चूक सरांची नव्हती. टंकताना माझ्या हातून झाली.”

लोरांदनं हातातल्या बशीतून एक पोगाचा, छोटा खारा पाव, त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. तेव्हा त्यानंच अर्धा तोडून तोंडात टाकला.

“मावशी, किती वर्षं टंकलंत तुम्ही?”

“छत्तीस.”

“छत्तीस वर्षांतल्या विभागाच्या छापील चुका मी मोजल्या आहेत. अकरा. त्यातल्या नऊ प्राध्यापकांच्याच निघाल्या.”

“मग राहिलेल्या दोनांतली ही एक.”

तो मोठ्यानं हसला. मग त्यांचा चेहरा पाहून हसू आवरलं. “बरं, धरू तसं. पण बोट घसरलं तर एखादं अक्षर चुकतं. ‘किंवा’चं ‘म्हणजेच’ होत नाही. त्यासाठी कुणाच्या तरी मनात तसं यावं लागतं. ते सरांनी तसं म्हटलं होतं का?”

“नाही.”

“मग तुम्ही मनानं घातलंत?”

“माझी काय बिशाद! नाही.”

“त्यांनी म्हटलं नाही, तुम्ही घातलं नाही. मावशी, तिसरा पर्याय द्या, मी आत्ता व्याख्यान रद्द करतो.” तो थट्टेनं बोलला खरा, पण थांबला. खरोखर उत्तराची वाट पाहत थांबला.

तिल्दाबाईंनी एका छायाचित्राखालची पट्टी सरळ केली. तिसरा पर्याय होता. तो देणार नाही असा शब्द त्यांनी एका माणसाला त्रेचाळीस वर्षांपूर्वी दिला होता.

“मला त्यांची बदनामी करायची नाही हो,” लोरांद हळू आवाजात म्हणाला. “चुकणारा माणूसच मला मोठा वाटतो. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. मी चांगलंच बोलणार आहे.”

तो गेला. तिल्दाबाईंनी टेबलावरचा एक फोटो उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

*

त्या मूळच्या माकोजवळच्या खेड्यातल्या. घरात कांद्याचा वास, अंगणात कांद्याच्या वेण्या, आणि बापाचं म्हणणं एकच : पोरीनं बसून करायची नोकरी धरावी. एकोणिसाव्या वर्षी त्या टंकलेखनाची परीक्षा देऊन सेगेदला आल्या. तर्कशास्त्राच्या विभागात त्यांना ठेवून घेतलं ते वेगासाठी नव्हे, अक्षरासाठी. टंकयंत्रावर नसलेल्या खुणा तिथे हातानं काढाव्या लागत. उलटा ई, डोक्यावर उभा केलेला ए, आकड्याच्या डोक्यावरची रेघ, हे सगळं बारीक टाकानं. गणित त्यांना कळत नव्हतं, कधीच कळलं नाही. पण ओळ नुसती पाहून त्या सांगत, “इथे कंस मिटलेला नाही,” आणि तो खरोखरच मिटलेला नसे. तरुण प्राध्यापक त्यांच्याकडे कच्चे कागद देताना परीक्षेला बसल्यासारखे उभे राहत.

सेपेशी सर मात्र कागद ठेवत, मान लववत आणि जात. बोलत नसत. ‘हो’, ‘नाही’, ‘उद्या’, एवढे तीन शब्द त्यांच्याकडून ऐकलेली माणसं पुष्कळ होती. चौथा ऐकलेलं क्वचित. वर्गात ते आत येत, तास संपेपर्यंत फळा भरत, खडू ठेवत आणि निघून जात. मुलांनी त्यांचं नाव ‘राजेसाहेब’ ठेवलं होतं. राजेसाहेबांना आपल्याशी बोलायला कमीपणा वाटतो, असा त्याचा अर्थ होता, आणि तो अर्थ सरांनी कधी खोडून काढला नाही.

१९६१च्या वसंतात त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, सहा आठवडे उताणं पडून राहायचं, आणि निबंध तर महिन्याच्या आत मासिकाकडे जायला हवा. तेव्हा तिल्दाबाई यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेल्या. खिडकीचे पडदे ओढलेले होते. सर पलंगावर होते. बराच वेळ ते गप्पच राहिले. मग त्यांनी पहिलं वाक्य सांगायला घेतलं आणि बावीस वर्षांच्या तिल्दाला राजेसाहेबांचं मौन कशाचं होतं ते कळलं.

ते तोतरे होते. थोडेथोडके नव्हे. एकेक शब्द त्यांच्या तोंडात दाराशी अडकलेल्या कपाटासारखा अडे. पहिला तुकडा दोनदा, तीनदा, चारदा येई आणि मग एकदम अख्खा शब्द बाहेर पडे. त्यांच्या कपाळावर घाम येई. तिल्दानं मान खाली घातली आणि पहिल्या तासातच स्वतःशी एक नियम ठरवला : तुकडे गाळायचे, शब्द घ्यायचा. शंका आली तरी विचारायचं नाही. विचारलं तर ते पुन्हा म्हणावं लागेल. अठ्ठावीस पानं तिनं अशीच उतरवली.

अकराव्या पानावर सर म्हणाले, “थांबणारी वॉद्य इश… इश्मेत्लोदो.” इश्मेत्लोदो म्हणजे पुनरावृत्त होणारी. तिथे ‘इश’ हा अडखळण्याचा तुकडा होता, गाळायचा होता. पण ‘वॉद्य इश’ असं कानावर आलं की प्रत्येक हंगेरियन माणसाला एक चांगला धड शब्द ऐकू येतो. तिल्दाच्या बोटांनी ‘वॉद्यिश’ टंकलं. तुकडा शब्दात दडला होता.

शेवटच्या दिवशी सरांनी चाचपडत कागद मागितला आणि डोळ्यांवर पट्टी तशीच ठेवून, तिरक्या ओळीत लिहून दिलं : ‘या खोलीतला आवाज या खोलीतच राहू द्यावा, ही विनंती.’ तिल्दानं “शब्द देते, सर,” असं म्हटलं.

*

जेवणाच्या सुट्टीत सगळे तिसा नदीकाठच्या खाणावळीत गेले. लालभडक माशाच्या रश्शाच्या वाफा उठत होत्या. तिल्दाबाईंना हेर्मिनाबाईंच्या शेजारी बसवलं होतं, कारण त्यांना काटे काढून द्यायला कुणीतरी हवं होतं. हेर्मिनाबाईंची नजर अधू होती, जीभ मात्र तल्लख.

“हे काय, चमच्यानं रस्सा ढवळते आहेस की नदी? खा ना.”

“भूक नाही, बाई.”

“कालपासून पाहते आहे. खुर्चीत पारा ओतल्यासारखी बसतेस. तीन वाजता माझा उदोउदो होणार आहे, त्याचा त्रास होतोय वाटतं?”

“तुमचा कसा?”

“म्हणजे काय! सेपेशीनं घोळ केला आणि बार्कोत्सीनं निस्तरला. माझा बासष्टचा निबंध आधी आला, त्याची दुरुस्तीची चार वाक्यं नंतर छापली गेली. तो पोरगा मला भेटायला तीनदा आला. दर वेळी बेकरीतला केक घेऊन. मी केक खाल्ला आणि त्याला बोलू दिलं.”

तिल्दाबाईंनी काटा काढून मासा त्यांच्या ताटलीत सरकवला. दुरुस्तीची ती चार वाक्यं त्यांनीच टंकली होती, अंक हाती आला त्याच दिवशी. पण मासिक दुरुस्त्या वर्षाच्या शेवटच्या अंकात छापत असे. दहा महिने ती तिथे पडून राहिली.

“बाई, तुम्हांला काय वाटतं? सर तसं समजत होते?”

“मला काय वाटतं ते मला अजून कुणी विचारलेलं नाही,” हेर्मिनाबाई म्हणाल्या. “सगळे माझा सत्कार करण्यात गुंग आहेत. मीठ दे इकडे.”

तिल्दाबाईंनी मीठ दिलं. आता विचारावं, सगळं सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कुणी तरी हेर्मिनाबाईंच्या नावानं पेला उंचावला, सगळे उठले आणि ती वेळ टळली.

परतताना त्या ट्रामनं न जाता चालत निघाल्या. पुलाजवळ थांबल्या, पुन्हा निघाल्या. मनात एकच हिशेब चालला होता आणि तो कसाही मांडला तरी जमत नव्हता. बोललं नाही, तर सरांच्या नावावर मूर्खपणा कायमचा छापला जाणार. लोरांद पुस्तक लिहितोय, हे सगळ्यांना माहीत होतं. बोललं, तर ज्या एका गोष्टीसाठी सरांनी जन्मभर गर्विष्ठ म्हणवून घेतलं, ती भर सभेत उघडी करायची. मेलेल्या माणसाकडून परवानगी कशी मागणार? आणि गप्प राहायचं तर निदान घरी जावं, असं ठरवून त्या घराच्या दिशेनं वळल्या. शंभर पावलं गेल्या असतील. तीनला पाच मिनिटं असताना त्या सभागृहाच्या दारात होत्या.

*

इतिहासाचं सत्र हंगेरियनमध्ये होतं. बरेच परदेशी पाहुणे शहर पाहायला निघून गेले होते, तरी साठएक माणसं असतील. तिल्दाबाई पहिल्या रांगेत न बसता दाराजवळ बसल्या.

लोरांद चांगलाच बोलला. त्यानं सरांबद्दल एकही उणा शब्द काढला नाही, आणि नेमकं तेच तिल्दाबाईंना सोसेना. तो समजुतीनं, प्रेमानं, एकेक वीट रचत गेला. त्या काळी या दोन कल्पना वेगळ्या करणं किती अवघड होतं. भल्याभल्यांचा गोंधळ कसा झाला. तो गोंधळ सेपेशींच्या हातून एका शब्दात कसा उमटला. आणि बार्कोत्सींनी पुढच्या वर्षी तो कसा सोडवला.

“आता कुणी म्हणेल,” लोरांदनं दाराकडे पाहिलं, “की ही निव्वळ टंकनातली चूक होती. आज सकाळीच एका माणसानं, ज्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, मला तसं सांगितलं. मला ते मान्य करायला आवडलं असतं. पण मागच्या महिन्यात मासिकाच्या दप्तरात हे पत्र सापडलं.”

पडद्यावर पत्र उमटलं. तिल्दाबाईंनी आपल्या यंत्रावरचा किंचित वर उडणारा ‘टी’ लांबूनही ओळखला.

“सेपेशी संपादकांना लिहितात : ‘डोळ्यांवर उपचार चालू असल्याने अंतिम मजकूर मला शब्दशः वाचून दाखवण्यात आला असून मी तो मान्य केला आहे.’ शब्दशः. म्हणजे त्यांनी हा शब्द कानांनी ऐकला. त्यांच्यासारख्या माणसानं, ज्याच्या आयुष्यात एक स्वल्पविराम ढळलेला नाही, त्यानं ‘म्हणजेच’ ऐकलं आणि ‘ठीक’ म्हटलं. चूक टंकनाची असती तर ते तिथेच थांबले नसते का?”

सभागृहात कुणीतरी ‘बरोबर’ अशी मान हलवली.

वाचून तर तिल्दाबाईंनीच दाखवलं होतं. तो दिवस त्यांना स्वच्छ आठवत होता. पण इतकी वर्षं तो त्यांनी चुकीच्या बाजूनं धरला होता. अकरावं पान. त्यांनी वाचलं, ‘थांबणारी, वॉद्यिश इश्मेत्लोदो.’ पलंगावर सरांचा चेहरा पट्टीखाली एकदम लाल झाला. चादरीवरची बोटं आवळली गेली. तिल्दा थांबली होती. ‘डोळा दुखतोय का, सर?’ तिनं विचारलं होतं. खूप वेळानं ते म्हणाले होते, ‘पुढे.’

डोळा दुखत नव्हता.

‘वॉद्यिश इश्मेत्लोदो.’ ‘वॉद्य, इश… इश्मेत्लोदो.’ कानाला दोन्ही एकच. सरांना ‘म्हणजेच’ ऐकूच आलं नव्हतं. त्यांना आपलंच अडखळणं ऐकू आलं होतं, खेड्यातून आलेल्या एका पोरीच्या तोंडून. ती आपली नक्कल करते आहे, असं त्यांना वाटलं. आणि ते गप्प बसले. काय म्हणणार होते? ‘पुढे’ म्हणाले. त्यानंतरचे सात महिने कागद ठेवताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तरी दुसरी टंकलेखिका मागितली नाही, की तिच्याविरुद्ध कुणाकडे चकार शब्द काढला नाही.

आणि मग तो अंक आला. तोही दिवस आता त्यांना उमगला. सर अंक उघडा धरून टंकनाच्या खोलीत आले, अकरावं पान तिच्यापुढे धरलं आणि हसले. जगासमोर आपली फटफजिती झालेली पाहून हसले. वाकून त्यांनी तिचा हात ओठांना लावला, जणू ती एखादी उमरावीण होती. माणसाचं डोकं ठिकाणावर नाही, असं तेव्हा तिल्दाला वाटलं होतं. तिनं रडत रडत ‘चूक माझी, तसं छापा’ म्हटलं, तर त्यांनी कागदावर लिहिलं : ‘खाली सही माझी आहे.’ चूक कळल्यानं त्यांना दुःख झालंच नव्हतं. ती नक्कल नव्हती, एवढंच त्यांना त्या पानावर वाचायला मिळालं होतं.

“काही प्रश्न?” अध्यक्ष विचारत होते.

तिल्दाबाई उभ्या राहिल्या. आपण उभ्या राहिलो, हे त्यांना गुडघे दुखल्यावर कळलं.

“प्रश्न नाही. मी सकाळी अर्धंच बोलले होते.”

“बोला, मावशी,” लोरांद म्हणाला.

“सेपेशी सर तोतरे होते,” तिल्दाबाई म्हणाल्या. सभागृहात खुर्च्यांची कुरकुर झाली. “कुणाला सांगणार नाही, असा मी शब्द दिला होता. तो आत्ता मोडला. त्यांचं चुकलं नाही आणि मी मनानं काही घातलं नाही. ते अडखळले आणि ते अडखळणं मी शब्द समजून टंकलं. वाचून दाखवलं तेव्हा त्यांना आपलं अडखळणंच ऐकू आलं. म्हणून त्यांनी थांबवलं नाही. माणूस अशा वेळी थांबवत नाही.”

मग एकदम गलका झाला. तर्कशास्त्र्यांचाच तो मेळावा. कुणाला गहिवरून आलं नाही, सगळ्यांना शंका आल्या.

“हे नंतर रचलेलं नाही कशावरून?”

“अहो, पण ते बोलतच नसत! मी त्यांचा विद्यार्थी होतो.”

“का बोलत नसत, तेच सांगताहेत ना त्या!”

“तोतरेपणाचा दुसरा कुणी साक्षीदार?”

“मी आहे की,” पहिल्या रांगेतून आवाज आला. हेर्मिनाबाईंनी मागे वळायचेही कष्ट घेतले नाहीत. “साठ सालच्या नाताळात माझ्या दारात उभा राहून हेच विधान तो मला सांगत होता. दहा मिनिटं लागली. पायघोळ कोटावर बर्फ साचलं. पण ‘किंवा’च म्हणाला, दोन्ही बाजूंची उदाहरणंही दिली. माझा निबंध त्या दहा मिनिटांतून निघाला आहे.”

“बाई, मग हे तुम्ही मला तीनदा भेटून…” लोरांद म्हणाला.

“तू मला विचारलंस, मी काय शोधलं. त्यानं काय शोधलं, ते कुठे विचारलंस? आणि केक चांगला होता. आता सत्कारातून माझं नाव अर्धं करायचं तर करा. अर्धंही पुष्कळ आहे.”

हशा पिकला. तो ओसरल्यावर मागच्या रांगेतला एक टक्कल पडलेला गृहस्थ उठला. तो उच्चारशास्त्राचा जाणकार असल्याचं त्यानं आधी सांगितलं.

“बाईंच्या हेतूबद्दल शंका नाही. पण सगळा पुरावा ध्वनीवर अवलंबून आहे. दोन्ही वाक्यं कानाला खरोखर सारखी लागतात का, ते तपासायला हवं. बाईंनी ते सेपेशींसारखं एकदा म्हणून दाखवावं. नेमकं जसं ते म्हणाले, तसंच.”

“हो, ते योग्य होईल,” अध्यक्ष म्हणाले. “मावशी, जमेल ना? एकदाच.”

साठ माणसं त्यांच्याकडे वळली. मागून कुणीतरी आधीच हळूच ‘इश-इश’ करून पाहिलं आणि शेजारचा फिसकन हसला.

तिल्दाबाईंनी ते हसू ऐकलं. त्यांना सगळं तंतोतंत म्हणता आलं असतं. पहिल्या ‘इश’नंतरचा श्वास, दुसऱ्याच्या आधीची ती कळ, सारं त्यांच्या कानात जसंच्या तसं होतं. म्हणून दाखवलं असतं तर वाद तिथेच मिटला असता.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“मावशी, हा मुद्दा त्यावरच…”

“कळतंय मला. त्यांची नक्कल मी केली, असं एकदा त्यांना वाटून गेलं आहे. आता ती खरोखर करणार नाही.”

त्या खुर्च्यांच्या रांगेतून बाहेर आल्या. पुढे फळ्यापर्यंत जायला वेळ लागला. वाटेत दोघांनी पाय आखडून घेतले. खडू उचलून त्यांनी एकाखाली एक दोन ओळी लिहिल्या. टाकानं लिहायची सवय असलेला हात. अक्षर बारीक आलं, पण मागून वाचता येईल इतकं ठसठशीत. वरच्या ओळीत ‘वॉद्य’ आणि तुटकतुटक ‘इश – इश्मेत्लोदो’. खालच्या ओळीत ‘वॉद्यिश इश्मेत्लोदो’.

“आता तुम्हीच म्हणा,” तिल्दाबाई म्हणाल्या. “मनातल्या मनात.”

मग पहिल्या रांगेत अध्यक्षांचे ओठ हलले. त्यांच्या शेजारच्याचे हलले. तो टकला जाणकार उभ्या उभ्याच वरची ओळ पुटपुटला, खालची पुटपुटला, पुन्हा वरच्या ओळीवर गेला आणि खाली बसला. सबंध सभागृहात साठ माणसांचे ओठ आवाज न करता हलत होते, अडत होते, पुन्हा त्याच जागी येत होते. मागच्या रांगेत आता कुणी हसत नव्हतं.

लोरांद पडद्याजवळ उभा होता. त्याचेही ओठ हलले, दोनदा. मग त्यानं आपल्या कागदांचा गठ्ठा उचलला, शेवटची सहा पानं वेगळी काढली आणि त्यांचं काय करावं हे न कळून हातातच धरून राहिला.

“मावशी,” तो अखेर म्हणाला, “हे मी लिहू? सगळं?”

तिल्दाबाईंनी खडू खाली ठेवला. बोटं झटकली, तरी पांढरं गेलं नाही. सरांना विचारता येत नव्हतं, हे सकाळी जितकं खरं होतं तितकंच आताही होतं.

“लिही,” त्या म्हणाल्या. “पण आधी सगळं ऐकून घे. ते अडखळले, एवढंच लिहून थांबू नकोस. ते गप्प राहिले, तेही लिही.”

लोरांदनं खिशातून पेन काढलं आणि बसायला जागा शोधू लागला.